घाबरत घेतलेली रायफल

सावधानकाका गणपतीच्या आरतीला नेहमी एकाच जागी उभे राहायचे. मंडळाच्या हॉलमध्ये मागच्या दाराजवळ, भिंतीवरच्या लाल फायर एक्स्टिंग्विशरला खांदा टेकवून. बाकीचे सगळे टाळ्या वाजवत देवाकडे बघायचे, काका कापराच्या ज्योतीकडे बघायचे. तबक फिरत फिरत त्यांच्यापर्यंत आलं की आधी आजूबाजूच्या बायकांचे पदर आणि ओढण्या न्याहाळायचे आणि मगच ज्योतीवरून हात फिरवायचे. इतका घाबरट माणूस मी दुसरा पाहिलेला नाही. आणि पहिली रायफल कशी निवडावी, तिला काय जोडावं आणि काय जोडू नये, हे मला शिकवलं ते याच माणसानं.

काकांचं खरं आडनाव टेक्सासमधल्या आमच्या अर्विंग गावात फार थोड्या मराठी लोकांना ठाऊक होतं. भटजी मंगलाष्टकांत म्हणत नसतील इतक्या वेळा काका दिवसभरात 'सावधान' म्हणायचे, म्हणून ते सावधानकाका. मूळचे नागपूरचे. इथे विमानाचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात तपासनीस होते. दुसऱ्यांनी आवळलेले स्क्रू पुन्हा तपासण्यात त्यांची सगळी नोकरी गेली. टोर्नेडोच्या मोसमात त्यांच्या पलंगाशेजारी बूट आणि वादळात लपण्यासाठी ठरवलेल्या बाथटबमध्ये हेल्मेटं ठेवलेली असायची. फ्रीवेवर कायम उजवी लेन. मागून कुणी हॉर्न वाजवला तर म्हणायचे, "वाजवू दे ना बे. तो वाजवून राहिला म्हणजे तो जिवंत आहे, अन् आपणही."

मला ग्रीन कार्ड मिळालं त्या वर्षी ऑफिसातला एक मित्र मला गावाबाहेरच्या नेमबाजीच्या रेंजवर घेऊन गेला. तिथे खूप लांबवर पोलादी पत्रे टांगलेले होते, नुसत्या डोळ्यांनी दिसतही नव्हते. वारा किती, उतार किती, हिशेब करायचा, गोळी झाडायची आणि वाट बघायची. थोड्या वेळानं लांबून 'टण्ण' असा आवाज यायचा. माझ्यासारख्या आकडेमोड करणाऱ्या माणसाला वेड लावायला तेवढं पुरे होतं. पण खरं सांगायचं तर पहिल्या गोळीनंतर दुसरी भरायला मी मित्रालाच सांगितलं. रायफल हवी तर होती, आणि भीतीही वाटत होती.

मुग्धाला, म्हणजे माझ्या बायकोला, नुसतीच भीती वाटत होती. "शाळेत कुणी बंदूक घेऊन घुसलं तर काय करायचं, म्हणून आपली ईरा दिवे बंद करून कोपऱ्यात बसायची प्रॅक्टिस करते," ती म्हणाली. "सगळी पोरं तोंडावर हात ठेवून बसतात. आणि तू घरात रायफल आणणार?" शेजारी चित्र रंगवत बसलेली ईरा मान वर न करता म्हणाली, "आई, रिलॅक्स. इट्स जस्ट अ ड्रिल."

मुग्धानं एक डाव टाकला. मला चांगलं घाबरवून कुणी परतवू शकेल तर ते सावधानकाकाच, असं समजून ती मला त्यांच्याकडे घेऊन गेली. काकूंनी चिवडा दिला, मुग्धानं तक्रार मांडली. काकांनी सगळं ऐकून घेतलं, उठून बाहेरच्या दाराची कडी लागली आहे का ते बघितलं आणि हळू आवाजात म्हणाले, "माझ्याकडे आहे एक. बरीच वर्षं झाली." मुग्धाच्या हातातली चिवड्याची वाटी तशीच राहिली. गावात कुणालाच हे माहीत नव्हतं, कारण सांगायची काकांना भीती वाटत होती. मग माझ्याकडे वळून ते म्हणाले, "घे. पण घाबरत घे."

या माणसाला हा नाद कसा लागला, हे मी त्यांना एकदा विचारलं. "बाकी कुठं मी घाबरलो का लोक हसतात," ते म्हणाले. "कापराला घाबरतो म्हणून हसतात, लेन बदलायला घाबरतो म्हणून हसतात. रेंजवर घाबरलो का लोक म्हणतात, थँक यू सर. मला बरं वाटते तिथं." मला हसू आलं, पण ते गंमत करत नव्हते.

मी ऑनलाइन कार्ट भरून ठेवली होती. भलीमोठी दुर्बीण, श्वास लागला तरी सुटेल इतका हलका ट्रिगर, अवकाशयानाला शोभेल असा दस्ता, तीन पायांचं स्टँड. काकांनी चष्मा लावून एकेक वस्तू काढून टाकायला सुरुवात केली. लग्नाच्या यादीतून मुलाकडचे पाहुणे कापावेत तशा निर्विकारपणे. कार्ट रिकामी झाल्यावर पहिली वस्तू त्यांनी घातली ती कानांवर लावायचे मफ्स. साधे नाहीत, बॅटरीवाले. त्यांत स्फोटाचा आवाज दबतो आणि माणसाचं बोलणं मात्र ऐकू येतं. चांगले महाग होते. मी कुरकुर केली तेव्हा म्हणाले, "गोळीचा आवाज नाही ऐकू आला तरी चालते. माणसाचा आला पाहिजे."

दुसरी वस्तू तिजोरी. रायफल यायच्या आधी ती भिंतीत पक्की बसवली पाहिजे, अशी अट. ती बसवल्यावर काका स्वतः बघायला आले, दोन्ही हातांनी हलवून बघितली, ईराची उंची डोळ्यांनी मोजली, मुग्धाला विचारलं, "किल्ली कुठं ठेवणार, हे मला सांगू नको, पण ह्याला ठाऊक आहे ना?" मुग्धा त्या दिवशी संध्याकाळी म्हणाली, "तो माणूस माझ्यापेक्षा जास्त घाबरतो. मग घे बाबा तुझी ती रायफल." माझ्या बायकोची परवानगी मला अशी काकांच्या भीतीच्या भरवशावर मिळाली.

दुर्बीण घेतली ती मी ठरवली होती त्यापेक्षा लहान, पण तिला धरणाऱ्या कड्या उत्तम. "दुर्बीण कितीही भारी घे, धरणाऱ्यानं ढिली धरली तर तुला खोटंच दाखवणार," हे त्यांचं म्हणणं. प्रत्येक स्क्रू किती आवळायचा ते मोजणारा पाना त्यांनी घ्यायला लावला, आणि आवळून झाल्यावर स्क्रूच्या डोक्यावरून खालच्या धातूपर्यंत पांढऱ्या रंगाची बारीक रेघ ओढली. स्क्रू कणभर जरी फिरला तरी रेघ मोडलेली दिसते. कारखान्यातली सवय. त्यांच्या घरात मिक्सरच्या स्क्रूवरही तशी रेघ होती.

ट्रिगरवरून आमचं जवळजवळ भांडण झालं. सगळे मित्र हलका ट्रिगर बसवत होते. काकांनी माझ्या हातातून फोन काढून घेतला. "बोट ठेवल्यावर मन बदलायला टाइम मिळाला पाहिजे का नको? तेवढा जड राहू दे. नाहीतर मी येणार नाही तुझ्यासोबत." आणि वर त्यांचं ते नेहमीचं वाक्य: "प्रत्येक नवा पार्ट म्हणजे विसरायची एक नवी जागा."

त्यांच्या स्वतःच्या रायफलला जोडलेल्या वस्तूंपैकी एकच मला मनापासून आवडायची. दस्त्याखाली ठेवायची ती छोटी पिशवी. काकूंनी जुन्या जीन्सच्या पायाची शिवली होती आणि घरात होती म्हणून मटकी भरली होती. एकदा रेंजवर पाऊस लागला, ओली पिशवी गाडीच्या डिकीत राहिली, आणि टेक्सासच्या उकाड्यात पुढच्या शनिवारी पिशवीला मोड आले. शिवणीतून पांढरे कोंब बाहेर. काकूंना उसळीचा मोह होत होता. काका बंदुकीच्या तेलाच्या भीतीनं पिशवी घेऊन थेट कचऱ्याच्या डब्याकडे पळाले. नंतर प्लॅस्टिकचे मणी भरले.

रेंजवर त्यांचा एक नेम होता. रायफल टेबलावर ठेवली की मागचा बोल्ट, म्हणजे गोळी आत ढकलणारा दट्ट्या, काढून बाजूला ठेवायचा आणि नळीतून आरपार बघायचं. नळी मोकळी असेल तर टोकाला उजेडाचं वाटोळं दिसतं. मी बघत असताना ते विचारायचे, "उजेड दिसला?" मी म्हणायचो, "दिसला." मग ते बघायचे, मी विचारायचो, ते उत्तर द्यायचे. सकाळी एकदा, जेवणानंतर एकदा, मध्ये कुणी उठून गेलं तर पुन्हा एकदा. शेजारच्या टेबलावरचे टेक्सन लोक सुरुवातीला बघायचे, नंतर त्यांतले काही स्वतःही तसं करू लागले. मला मात्र पहिली दोन वर्षं नळीला डोळा लावताना दर वेळी छातीत धडधडायचं. बोल्ट टेबलावर पडलेला दिसत असूनही धडधडायचं. काकांना ते सांगितलं तेव्हा त्यांचा चेहरा खुलला. "उत्तम," ते म्हणाले. "ते जाऊ देऊ नको."

मग त्यांच्या खांद्याचं ऑपरेशन झालं. रायफलचा धक्का सोसवेना. नळीच्या टोकाला बसवायचा मझल ब्रेक नावाचा एक तुकडा मिळतो. त्याला दोन्ही बाजूंनी खाचा असतात, त्यांतून गोळीमागचा गरम वायू बाहेर जातो आणि धक्का कमी होतो. काकांनी बरेच महिने आढेवेढे घेतले आणि शेवटी तो बसवला, पांढऱ्या रेघेसकट.

त्याच वर्षीच्या दसऱ्याला काकूंनी नेहमीप्रमाणे शस्त्रपूजा मांडली. काकांच्या घरची ती पूजा बघण्यासारखी असे. पाटावर पाने, पक्कड, टेप, काकूंची कात्री, विळी, काकांचा लॅपटॉप, आणि मधोमध रायफल, बोल्ट काढून दुसऱ्या खोलीत कुलपात ठेवलेला. हळदकुंकू धातूला लावायचं नाही, कागदाच्या पट्टीवर लावायचं, अक्षता लांबूनच, अशी काकांची कडक शिस्त. काकूंना फक्त फुलांची मुभा होती. झेंडूची फुलं गुळगुळीत नळीवरून दर वर्षी घसरून पडायची. या वर्षी टोकाला छान खाचा होत्या. काकूंनी त्यांत देठ पार नळीच्या तोंडापर्यंत खोवून फुलं बसवली. नळी अगदी नटलेली दिसत होती. आम्ही सगळ्यांनी फोटो काढले, श्रीखंडपुरी खाल्ली, सोनं वाटलं. दुसऱ्या दिवशी काकूंनी निर्माल्य काढलं आणि काकांनी रायफल पेटीत भरली.

त्यानंतरचा शनिवार. ऑक्टोबरातली सुरेख सकाळ होती, उन्हाळा एकदाचा सरला होता. काकांनी बोल्ट काढला, वाकले, डोळा लावला. मी माझी पेटी उघडत होतो. "उजेड दिसला?" मी विचारलं. "दिसला," काका म्हणाले. त्यांनी बोल्ट बसवला, गोळी भरली, दस्त्याला गाल लावला. मी त्यांचा नेम कुठे लागतो ते बघायला उजवीकडे माझ्या दुर्बिणीमागे बसलो आणि सहज मान वळवली. ब्रेकच्या खाचेत काहीतरी केशरी दिसलं.

नळी रिकामी असल्याची खूण म्हणून काका लावायचे ती प्लॅस्टिकची पट्टी केशरीच होती. मला वाटलं तीच असेल. पण ती टेबलावर पडली होती. मग मला पाकळी दिसली. लोक काय म्हणतील, काहीच नसलं तर काय, असले फालतू विचार तेवढ्यात मनात येऊन गेले याची मला आजही लाज वाटते. "काका, थांबा!" मी ओरडलो. त्यांच्याही कानांवर तसेच बॅटरीवाले मफ्स होते म्हणून त्यांना ऐकू आलं. बोट ट्रिगरपासून लांब गेलं. बोल्ट उघडला, गोळी बाहेर आली. रेंजवर देखरेख करणारा माणूस धावत आला आणि सगळ्यांच्या बंदुका थांबल्या.

काकांनी बोल्ट काढला आणि पुन्हा नळीला डोळा लावला. बराच वेळ लावून ठेवला. "नाही," ते म्हणाले. "काहीच दिसत नाही." समोरून सळई घालून आम्ही ते बाहेर काढलं. निर्माल्य काढताना तुटून नळीत घट्ट बसलेला झेंडूचा जाड देठ आणि चुरगळलेल्या, ओलसर पाकळ्यांचा बोळा. गोळी सुटली असती तर काय झालं असतं, हे नक्की कुणीच सांगू शकलं नाही. कदाचित काहीच नाही. कदाचित नळी काकांच्या चेहऱ्याशेजारी फाटली असती. रेंजवरचा माणूस टोपी काढून नुसता उभा राहिला.

मी खाली पडलेल्या पाकळ्या उगाच वेचत बसलो. काका मात्र अगदी शांत होते, आणि मला त्या शांतपणाचीच जास्त भीती वाटली. परतताना गाडी मी चालवली. फ्रीवेला लागल्यावर ते म्हणाले, "मी डोळा लावला होता ना रे?"

"लावला होता, काका."

"मग पाहिलं कसं नाही मी? तोंडानं 'दिसला' म्हणून गेलो, बस." ते खिडकीबाहेर बघत होते. "आज सकाळी मला भीतीच वाटली नाही. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. हवा मस्त होती. मला वाटलं, वा, किती बरं वाटून राहिलं." मग माझ्याकडे वळून, "काकूला यातलं काही सांगायचं नाही. आयुष्यभर फूल हातात धरणार नाही ती."

काकूंना त्यांनी खांदा दुखतो असं सांगितलं आणि रायफल विकायला काढली. मी म्हटलं, मला द्या. ती रायफल मला हवी होती, नेमासाठी नव्हे, त्यांची म्हणून. काका म्हणाले, "नाही. माझी म्हणून तू तिच्यावर विश्वास ठेवशील अन् बघणार नाहीस." दुकानात जाऊन त्यांनी ती परक्या माणसाच्या हवाली केली. मला राग आला होता. घरी येऊन मी मुग्धाशी दोन तास बोललो नाही, जणू तिनंच विकली.

पुढच्या वर्षी काका-काकू मुलीकडे राहायला सांता क्लाराला गेले. मोटारीनं गेले. विमानाचे भाग तपासण्यात जन्म घालवलेल्या माणसाला विमानात बसायची भीती वाटायची. काकांचे आईवडील होते तोवर ते नाइलाजानं, झोपेची गोळी घेऊन भारतात जायचे. ते गेल्यावर काकांनी विमानाचं नाव टाकलं, काकू एकट्याच माहेरी जाऊन यायच्या. निघताना काकांनी आमच्या तिजोरीचे भिंतीतले बोल्ट पुन्हा तपासले आणि ईराच्या डोक्यावर हात ठेवला. ईरा म्हणाली, "काका, देअर आर अर्थक्वेक्स इन कॅलिफोर्निया." "हो ना बेटा," काका म्हणाले, आणि मला वाटतं त्यांना थोडा धीर आला. गाडी वळेपर्यंत मी उभा होतो. आईवडिलांनंतर माझ्यासाठी घाबरणारा तोच एक माणूस होता, आणि तो उजव्या लेननं हळूहळू निघून गेला.

दर रविवारी सकाळी त्यांचा फोन यायचा. हवापाण्याची चौकशी, ईराचा अभ्यास, आणि शेवटी भीतीची चौकशी: "वाटते ना अजून?" मी म्हणायचो, "वाटते, काका." ते म्हणायचे, "उत्तम. ठेव." ते खरंही होतं. एकट्यानं रेंजवर जाताना मी अजून घाबरायचो. 'उजेड दिसला?' असं मोठ्यानं स्वतःलाच विचारून स्वतःच उत्तर द्यायचो.

गेल्या शनिवारी मी एकटाच गेलो होतो. वारा पडलेला, ऊन कोवळं, एकामागून एक पत्रे वाजत होते. परतताना मी गाणं गुणगुणत होतो. घराजवळच्या सिग्नलला गाडी थांबली आणि एकदम माझ्या लक्षात आलं की सकाळी नळीत बघितल्याचं मला आठवत नाही. बघितलं असेल. नसेलही. आठवतच नव्हतं. सिग्नल हिरवा झाला तरी मी तिथेच, मागचे हॉर्न वाजवत राहिले.

मुग्धाला मी काही सांगितलं नाही. रविवारी ती पोळ्या लाटत होती, फोन स्पीकरवर होता. काकांनी हवापाणी विचारलं, ईराचं विचारलं. मग म्हणाले, "वाटते ना अजून?"

खोटं बोलायचं ठरवूनच मी तोंड उघडलं होतं. "काल नाही वाटली, काका," मी म्हणालो. "बघितलं की नाही, तेही आठवत नाही."

लाटण्याचा आवाज थांबला. काका म्हणाले, "मुग्धाला दे."

तिनं पिठाचा हात पदराला पुसला, स्पीकर बंद केला आणि फोन कानाला लावून मागच्या अंगणात गेली. काचेतून मला ती दिसत होती. ती बोलत नव्हती, नुसती मान हलवत होती, आणि दुसऱ्या हातानं कुंपण धरून उभी होती. आत आली तेव्हा तिचे डोळे लाल झाले होते.

"काय म्हणाले?" मी विचारलं.

"शुक्रवारी येतायत," ती म्हणाली. "विमानानं."